सव्वाबाराची प्रत

"मी वारलो कधी, तेवढं सांगा."

आण्णाप्पा मगदूम माझ्या टेबलासमोर उभे होते. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, हातात आमचा शनिवारचा अंक. सोमवार, १३ जुलै १९९८. सकाळचे आठ वाजले होते. मिरजेतून निघणाऱ्या एका सायंदैनिकात मी मुख्य उपसंपादक होतो. आमची पानं दुपारी पावणेएकला छपाईला जात, तीनला अंक बाजारात येई, आणि त्यामुळे आमचा दिवस सकाळी सातला सुरू होई.

मी अंक हातात घेतला. तिसऱ्या पानावर कुस्ती स्पर्धेची दोन कॉलमी बातमी होती. शीर्षक माझंच : 'कै. आण्णाप्पा मगदूम यांच्या हस्ते बक्षीस वितरण'.

"स्पर्धा कैलासवासी बाळगोंडा पाटलांच्या नावाची," मगदूम म्हणाले. "त्ये गेल्यात. मी हाय. आता मेलेला माणूस ढाल उचलून पैलवानाच्या हातात कशी देईल, एवढा तरी इचार करायचा की हो."

"चूक माझी आहे. आजच दुरुस्ती छापतो."

"छापा की. पण शनिवारपासनं पाव्हणं येतायत. कागवाडची मेव्हणी तर वेशीपासनंच रडत आली. मीच उठून तिला पाणी दिलं, तर मला बघून आणखीनच किंचाळली." ते खुर्चीत बसले. "आणि बायकोनं चहा किती केला, माहीत हाय? ती म्हणती, ह्ये खरंच गेलं असतं तर निदान घरात चूल तरी पेटली नसती."

पलीकडे संगणकावर पानं लावणारी वैशाली खाली मान घालून हसत होती. मला हसता आलं नाही. महिन्यातली ही माझी तिसरी चूक होती. पहिल्यांदा एकच बातमी दोन पानांवर गेली. दुसऱ्यांदा नळाला पाणी सुटण्याची वेळ सकाळची संध्याकाळ झाली आणि निम्मं गाव घागरी मांडून बसलं. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्याआधी माझ्या नावावर अशा मोजून दोन चुका होत्या.

मगदूम गेल्यावर संपादक इंगवले साहेबांनी आत बोलावलं.

"शनिवारी पानं वाचायला मुजावर गुरुजी नव्हते, मान्य आहे," ते म्हणाले. "पण शीर्षक मुद्रितशोधकानं वाचवायचं नसतं, हेर्लेकर. ते तुमचं काम."

"हो."

"काय होतंय तुम्हाला?"

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं.

"दसऱ्यापर्यंत बघू. असंच चाललं तर छोट्या जाहिरातींचं टेबल घ्या. तिथं फार बिघडत नाही."

मला काय होतंय, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. शब्द जिभेवर येऊन परत फिरत. टेबलावरून उठून कपाटापर्यंत जायचो आणि कशासाठी आलो ते आठवत नसे. माझे वडील छप्पन्नाव्या वर्षी एका सकाळी दूध आणायला गेले आणि आमच्याच दारात उभे राहून मला म्हणाले, "मास्तर, हेर्लेकरांचं घर कुठलं?" त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. त्या जुलैत मी एक्कावन्न वर्षांचा होतो आणि मनातल्या मनात छप्पन्नातून एक्कावन्न वजा करत होतो.

हे मी बोललो ते त्याच दिवशी, दुपारी अंक गेल्यावर, आणि बोललो ते हुसेन मुजावर गुरुजींपाशी.

गुरुजी आमचे मुद्रितशोधक. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे आले आणि सोळा वर्षं पानं वाचत राहिले. वय चौऱ्याहत्तर. पांढरा पायजमा, खादीचा सदरा, खिशात लाल पेन. संगणकावरून निघालेलं पान आधी त्यांच्याकडे जाई. चुकांना लाल खुणा करून, खाली 'हु. मु.' अशी सही करून ते माझ्याकडे देत. मी शेवटची नजर टाकून पान वैशालीकडे पाठवत असे. शनिवारी ते नातीच्या साखरपुड्याला अथणीला गेले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'अहो, काही होत नाही' असं म्हणाले नाहीत. मग त्यांनी प्रश्न सुरू केले.

"किती वाजता झोपता?"

"एक वाजतो. टीव्ही बघत बसतो."

"उठता?"

"साडेपाचला."

"सकाळी खाता काय?"

"चहा. इथं आल्यावर खारी."

"दिवसाचे चहा किती?"

"मोजले नाहीत."

"मी मोजलेत. अकरा." ते म्हणाले, "चष्मा कधी बदललात?"

"पाचेक वर्षं झाली असतील."

"आणि ऑफिसला येता स्कूटरवरून. घर इथून अडीच किलोमीटर." गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. "तुमच्या वडिलांचा आजार तुम्हाला आहे की नाही, ते मला कळत नाही. तुम्हालाही कळत नाही. आधी डॉक्टर. मग मी."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बोलावलं, चित्रं काढायला लावली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले. त्यांतले चार मला सांगता आले. ते म्हणाले, "तो आजार आज तरी मला दिसत नाही. पुढचं मी लिहून देऊ शकत नाही, कोणीच देणार नाही. बी-ट्वेल्व्ह कमी आहे, त्याची इंजेक्शनं घ्या. चष्म्याचा नंबर दीडनं वाढलाय. आणि झोप चार तासांची आहे. चार तास झोपून मीसुद्धा जिवंत माणसाला कैलासवासी करीन." मगदूमांची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली होती. "झोपा, चाला, वेळेवर जेवा, माणसांत बसा."

घरी हे सांगितल्यावर शैला, माझी बायको, म्हणाली, "सहा वर्षं मी दुसरं काय सांगतेय? पण मी डॉक्टर नाही ना." त्या रात्रीपासून साडेनऊला टीव्ही बंद होऊ लागला. तो बंद कोण करतं, हा प्रश्न आमच्या घरात निघाला नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी सहाला गुरुजी आमच्या फाटकात उभे होते. फजरची नमाज झाली की ते निघत.

"स्कूटरची किल्ली आत ठेवा," ते म्हणाले.

"गुरुजी, उशीर होईल."

"माझा सोळा वर्षांत झाला नाही."

गुरुजींचं चालणं हे चालणं कमी आणि वर्ग जास्त होता. रोज रस्ता वेगळा. एक दिवस लक्ष्मी मार्केटवरून, एक दिवस किल्ला भागातून, एक दिवस सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतून. ऑफिसच्या पायरीवर पोचलो की ते विचारत, "आज वाटेत पाहिलेल्या पाच पाट्या सांगा. अक्षरासकट." पहिल्या दिवशी मी दोन सांगितल्या. दुसऱ्या दिवशी तीन, आणि त्यांतली एक आदल्या दिवशीची निघाली.

चालताना पाढे. साधे नव्हेत. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. शाळेत छडीच्या धाकानं पाठ केलेली ती सगळी मंडळी मी पस्तीस वर्षांपूर्वी सोडून दिली होती. सर्वांत वाईट औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा.

"सात औटं?" गुरुजी विचारत.

"साडेचोवीस."

"तेरा औटं?"

"थांबा. साडेपंचेचाळीस."

"थांबलो. पण रिक्षा थांबणार नाही, कडेला या. एकोणीस औटं?"

"गुरुजी, आता साडेतीननं गुणायचं काम कोणाला पडतं?"

"कोणाला नाही. म्हणूनच ते करायचं. रोजचं काम हात आपोआप करतात, डोकं बाजूला बसून विडी ओढतं. एकोणीस औटं?"

"साडेसहासष्ट."

"बरोबर. आता उलटे या."

दहा वाजता ते डबा उघडत. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. महिन्याभरात मीही शैलाकडून तसाच डबा आणू लागलो. चहा अकरावरून तीनवर आला. या तीनमध्ये किती भांडणं झाली ते लिहीत नाही. जेवताना मात्र गुरुजी पाढे विचारत नसत. तेव्हा ते मला बोलायला लावत. कालचा दिवस सांगा. मावशीकडच्या लग्नाला कोण कोण आलं होतं, सांगा. गेली चारेक वर्षं मी ऑफिसात कामापलीकडे कोणाशी दहा वाक्यंही बोललो नव्हतो, हे मला त्या जेवणांत कळलं. वैशाली सांगलीहून येते, तिची आई अंगणवाडी चालवते, हेही तेव्हाच कळलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मला पहिली चूक सापडली. ती गुरुजींची होती.

रस्त्याच्या कामाची बातमी. पानावर गुरुजींच्या लाल खुणा, खाली सही. आणि बातमीत सरळसोट छापलेलं : 'आमदारांच्या हस्ते कोनशीलेचे अनावरण'. लाल रेघ नव्हती. 'शि'चा 'शी' झाला होता. शिला म्हणजे दगड. शीला म्हणजे कोणाची तरी मुलगी, आणि आमदार भर चौकात तिचं अनावरण करत होते. मी हिरव्या पेनानं दुरुस्त केलं आणि पान पुढे पाठवलं. सोळा वर्षांत गुरुजींच्या हातून ऱ्हस्व-दीर्घ सुटलेलं मी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुसरी. एका सोसायटीची निवडणूक. संचालक सतरा, सत्ताधारी अकरा, विरोधी पाच. मी पेन खाली ठेवलं. अकरा नि पाच सोळा. एक संचालक कुठे गेला? वार्ताहराला फोन करून विचारलं. विरोधी सहा होते. लाल रेघ इथेही नव्हती.

त्यानंतर ते रोजचं झालं. कधी नावात, कधी आकड्यात, कधी तिथीत शुद्धच्या जागी वद्य. एरवी मी सगळं मोजतो. बातम्यांचे शब्द मोजतो, जिन्याच्या पायऱ्या मोजतो. गुरुजींच्या चुका मी मोजल्या नाहीत.

पाच सप्टेंबर, शनिवार. दुसऱ्या पानाच्या माथ्यावर, जाड टायपात : 'तालुक्यात शिक्षक दीन उत्साहात साजरा'. खाली 'हु. मु.'

एकोणतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसासमोरून 'शिक्षक दीन' गेला होता.

मी वैशालीकडे पान स्वतः घेऊन गेलो.

"सर, काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. दी ऱ्हस्व कर. आणि हे पान फाडून टाक."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग गुरुजींच्या टेबलाकडे बघितलं आणि मान वळवून काम सुरू केलं. मला वाटलं, तिलाही समजलंय आणि तीही गप्प आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. अंक नव्हता. घरी मी शैलाला म्हणालो, "गुरुजींचं वय झालं."

"चालताना तर तुम्हाला मागे टाकतात."

"पाढे पाठ आहेत त्यांना. बाबांनाही शेवटपर्यंत गावातल्या सगळ्या विहिरींची नावं येत होती. माझं तेवढं येत नव्हतं."

तिनं निवडायची भाजी बाजूला ठेवली. "मग काय करणार?"

"काय करणार? त्यांच्यामागून वाचत राहणार."

तसं मी वाचू लागलो. साडेसहालाच ऑफिसात पोचता यावं म्हणून गुरुजींना अर्धा तास आधी निघायला लावलं. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांच्या टेबलावरून आलेलं प्रत्येक पान मी दोनदा वाचत असे. एकदा वरून खाली, आणि एकदा शेवटच्या ओळीपासून वर, म्हणजे अर्थ मध्ये येत नाही आणि अक्षर दिसतं. आकडा आला की बेरीज करायची. नाव आलं की आधीच्या परिच्छेदातल्या नावाशी लावून बघायचं. माझी पानं वाचताना पूर्वी मला भीती वाटत असे, आणि भीती वाटली की डोळे ओळींवरून पळत. गुरुजींची पानं वाचताना ती वाटत नव्हती. तिथे माझं काहीच जायचं नव्हतं. जायचं होतं ते त्यांचं. एखादी चूक साहेबांच्या हाती लागली, तर सोळा वर्षांनंतर त्यांना घरी बसवतील, आणि घरी बसलेला माणूस किती लवकर विझतो ते मी नऊ वर्षं पाहिलं होतं.

चालणं, पाट्या, औटकी चालूच होतं. ते विचारत आणि मी उत्तरं देत होतो. आणि चोरून त्यांच्याकडे बघत होतो. रस्ता चुकतात का? नाव विसरतात का? एकदाही विसरले नाहीत. ते मला जास्त भयंकर वाटे.

बुधवार, तीस सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी दसरा. अकरा वाजता इंगवले साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर चार-पाच पानं पसरलेली होती. लाल खुणा, 'हु. मु.', आणि मधूनमधून माझं हिरवं पेन.

"बसा," ते म्हणाले. "आधी चांगलं बोलतो. दोन महिने तुमच्या पानात चूक नाही. मी शोधत होतो, म्हणून सांगतो. जाहिरातींच्या टेबलाचं विसरा."

"आभारी आहे."

"आता हे. ही पानं मला रद्दीच्या गठ्ठ्यात मिळाली. गुरुजींनी वाचून सही केलेली. आणि हिरव्या पेनानं तुम्ही काढलेल्या चुका. 'शिरोळ'चं 'शिराळा'. दोन तालुके, दोन टोकं! आणि हे बघा, बैल चोरीला गेले तीन आणि सापडले चार." त्यांनी पानं गोळा केली. "गुरुजींना दिसेनासं झालंय का? तुम्ही त्यांच्याबरोबर रोज असता. मला खरं उत्तर हवंय."

मी सगळं आयुष्य खरं-खोटं तपासायचा पगार घेतला आहे. त्या क्षणी मला दोन वाक्यं दिसत होती. एक खरं होतं.

"गुरुजींनी बरोबर वाचलं होतं," मी म्हणालो. "त्यांच्या सहीनंतर मजकूर मी बदलत असतो. शेवटच्या घाईत. त्यात माझ्याच चुका होतात, त्या मीच परत काढतो."

"हा शिराळा तुम्ही घातलात?"

"हो."

"आणि चौथा बैल?"

"तोही."

साहेबांनी पानं बाजूला सारली. "म्हणजे तुमचं आहे तसंच चाललंय. फक्त वेळेत सापडतंय. हेर्लेकर, मग मला जाहिरातींच्या टेबलाचा पुन्हा विचार करावा लागेल. समजतंय ना?"

"समजतंय."

"दसऱ्यानंतर बोलू."

मी उठलो. दार उघडलं तर समोर गुरुजी उभे, काखेत कागदांची जाड गुंडाळी. त्यांच्या मागे वैशाली. तिचा चेहरा रडवेला होता. साहेबांनी सकाळी रद्दी मागवली तेव्हाच तिनं गुरुजींना गाठलं होतं, हे मला नंतर कळलं.

"चला, परत आत चला," गुरुजी मला म्हणाले आणि साहेबांकडे वळले. "साहेब, हे खोटं बोलतायत. पण यांच्या आधी मी खोटं वागलोय, तेव्हा माझा नंबर पहिला."

त्यांनी गुंडाळी टेबलावर सोडली. ती आमचीच पानं होती. ऑगस्टच्या तीन तारखेपासूनची, रोजची, क्रमानं लावलेली. प्रत्येक पानावर लाल खुणा. वरचं पान मी उचललं. 'कोनशीलेचे'. 'शी'भोवती लाल वर्तुळ.

मी पुढचं पान उचललं. सतरा, अकरा, पाच. पाचाभोवती वर्तुळ. 'शिक्षक दीन'. वर्तुळ.

"रोज दोन प्रती काढत होतो," गुरुजी म्हणाले. "ही पूर्ण वाचलेली. दुसरी यांच्याकडे जायची, तिच्यात तीन चुका मी तशाच ठेवायचो. रोज तीन. चुका मी केल्या नाहीत, फक्त ठेवल्या. सव्वाबाराला ही प्रत घेऊन मी वैशालीकडे बसायचो. यांनी ज्या काढल्या नसतील त्या तिथं काढायच्या. पान कधी चुकीचं गेलं नाही, साहेब. तेवढं वैशालीला विचारा."

"नाही गेलं, सर," वैशाली म्हणाली.

"माझ्या पेपरात तुम्ही शाळा चालवत होता?" साहेबांचा आवाज चढला होता.

"शाळा नव्हे. शिकवणी. एकच मुलगा होता."

साहेबांनी विचारलं, "आणि निकाल?"

गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढली. "पहिल्या आठवड्यात अठरांपैकी पाच सापडल्या. ऑगस्टच्या शेवटी चौदा. सप्टेंबरात वैशालीला सव्वाबाराची प्रत एकदाही लागली नाही."

"एकदाही?"

"यांना तीनच्या तीन सापडायच्या. मी नुसता जाऊन बसायचो. ती मला वेलदोडा द्यायची."

इंगवले साहेब खुर्चीत मागे टेकले. हसू दाबायला त्यांनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलले. "जा," ते म्हणाले. "दोघंही जा. पानं लावा. साडेअकरा झाले. आणि गुरुजी, ही शिकवणी आजपासून बंद."

गुरुजींनी बोलावं, रागवावं, कोणी काहीतरी म्हणावं, असं मला वाटत होतं. पण अंक जायचा होता. आम्ही तो अंक काढला.

गुंडाळी माझ्या टेबलावर राहिली होती. पावणेएकला पानं गेल्यावर मी ती पहिल्यापासून बघितली. अविश्वास म्हणून नव्हे. माझ्यासाठी कोणी रोज दुप्पट वाचत होतं, दोन महिने, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. ते डोळ्यांनी बघायचं होतं. मी बघत गेलो. माझं हिरवं पेन कुठे कुठे चाललं होतं ते मला बहुतेक आठवत होतं. जुलैत मला सकाळचं जेवण आठवत नव्हतं.

बावीस सप्टेंबर, मंगळवार. चौथं पान, निधनवार्ता. 'गणपतराव भोकरे यांच्या पश्चात पती, दोन मुले, सुना असा परिवार आहे.' त्या दिवशी मी 'पती'चं 'पत्नी' केलं होतं. पक्कं आठवत होतं, कारण गणपतरावांचा पती वाचून मला हसू आलं होतं.

गुरुजींच्या प्रतीत 'पती'भोवती वर्तुळ नव्हतं. पानावर कुठेही नव्हतं. मी ते उजेडात धरून पाहिलं.

परतताना आम्ही किल्ल्याकडून चाललो होतो. दसऱ्याचा बाजार भरला होता. झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांच्या पेंढ्या. गुरुजी पुढे बघत चालत होते.

"मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"काय सांगायचं होतं? 'हेर्लेकर, तुमची परीक्षा घेतोय' असं? मग तुम्ही घाबरून वाचलं असतं. घाबरलेला मुलगा पाटीकडे बघत नाही, मास्तरांच्या हाताकडे बघतो."

"मला वाटलं, तुम्ही जाताय. बाबांसारखे."

"ते दिसत होतं. त्याचा मला त्रास झाला, खोटं सांगत नाही. पण तुमची नजर स्थिर व्हायला लागली ती त्याच आठवड्यापासून. मग म्हटलं, चालू द्या. माझी थोडी बदनामी झाली तर झाली." ते जरा हसले. "आणि तुम्ही आज साहेबांना सांगितलंत ते. चौथा बैल. तो हिशेबात नव्हता."

आम्ही बरंच अंतर गेलो. न सांगणं सोपं होतं. पण हा माणूस मला खरं सोडून काही बोलला नव्हता, त्या एका गोष्टीशिवाय.

"गुरुजी, बावीस तारखेची एक तुमच्या प्रतीत नाही."

"कुठली?"

"भोकऱ्यांची निधनवार्ता. 'पश्चात पती'."

ते थांबले. झेंडूवालीनं त्यांना पिशवी पुढे केली, ती त्यांनी नुसती हातानं बाजूला केली.

"वर्तुळ नाही?"

"नाही."

"अस्पष्ट असेल. लाल पेन फिकं झालं होतं मधे."

"उजेडात बघितलं."

"म्हणजे ती ठेवलेली नव्हती," गुरुजी हळू म्हणाले. "सुटलेली होती."

"हो."

"सव्वाबारालाही मला कळली नाही."

"तोवर मी ती काढली होती. पान बरोबर गेलं."

ते उभेच राहिले. बाजारातली माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. सांगितलं हे चुकलं की काय, असं मला वाटत होतं. मग त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, त्याचं टोक बोटावर घासून पाहिलं आणि परत ठेवलं.

"साहेबांनी शिकवणी बंद केली," ते म्हणाले, "ती माझी. तुम्हाला कुठं काही म्हणाले?"

"म्हणजे?"

"शुक्रवारपासून तुम्ही माझ्यासाठी तीन ठेवायच्या. वैशालीला सांगून पानात घालायच्या. कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत, मला अजिबात कळता कामा नये. आणि सोप्या नकोत. 'दीन'-'दिन' पोरकट होतं." ते चालू लागले. "सव्वाबाराची प्रत आता तुमच्याकडे. चला. सतरा औटं?"

"साडेएकोणसाठ," मी म्हणालो, आणि त्यांना गाठायला मला पावलं उचलावी लागली.

हे सहा वर्षं चाललं. ऐंशी वर्षांचे होईपर्यंत ते पानं वाचत होते. मी आता त्यांच्या त्या वेळच्या वयाहून मोठा आहे.

दोन ऑक्टोबरला, शुक्रवारी, मी पहिल्यांदा चुका ठेवल्या. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवून ठेवल्या होत्या. एक तिथीत, एक बेरजेत, एक आडनावात. तिन्ही अवघड, मला अभिमान वाटावा अशा. वैशालीनं त्या पानांत घातल्या. बारा वाजून पाच मिनिटांनी गुरुजी पानं घेऊन माझ्या टेबलाशी आले, समोर बसले आणि एकेक पान माझ्याकडे सरकवलं.

तिथी. बेरीज. आडनाव.

मी मान डोलावली. ते उठले नाहीत. त्यांनी आणखी एक पान सरकवलं. पहिलं पान, मुख्य बातमी, शीर्षक मीच दिलेलं. त्यात एका शब्दाभोवती लाल वर्तुळ होतं.

"ही चौथी," गुरुजी म्हणाले. "ठेवलीत, की सुटली?"